बिअर न पिणाऱ्यांनी हॉपच्या गावाला जावं का?

गेल्या अंकात मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या, की जर्मनीत इंगोलस्टाटला भाच्याकडं गेले होते तेव्हा तिथून तीसेक किलोमीटरवर असलेल्या वोल्नत्साख नावाच्या छोट्या गावात आठ दिवस राहिले आणि अख्ख्या ट्रिपमधले तेच दिवस मनात घर करून बसलेत. त्या दोन ओळींवर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. ज्यांनी ते वाचलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, हॉप म्हणजे एक वेल, तिची हिरवी बोंडं बिअरमध्ये घालतात, बिअरचा कडवटपणा आणि वास त्यातनं येतो. वोल्नत्साख हे त्या वेलीच्या मुलखातलं गाव. आलेल्या पत्रांतली चार इथं घेतेय. पहिल्याचं उत्तर लांबलंय पण लांबू दे म्हटलं, कारण तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याच जणांनी विचारलाय.

प्रश्न : ताई, मुलगा इंगोलस्टाटला गाडीच्या कंपनीत आहे. आम्ही दोघं ऑगस्टमध्ये त्याच्याकडं जातोय, ऑक्टोबरपर्यंत आहोत. तुमचं वाचून मुलाला म्हटलं त्या गावाला नेशील का, तर तो म्हणतो तिथं काय आहे, नुसते खांब आणि ट्रॅक्टर, त्यापेक्षा म्युनिकला बिअरच्या जत्रेला जाऊ. आम्ही दोघं माळकरी. दारूला कधी शिवलो नाही, अंडंसुद्धा खात नाही. वय ६४ आणि ५९. घरची अडीच एकर शेती, सगळा ऊस. आमच्यासारख्यांनी तिथं जावं का, आणि गेलो तर दिवसभर करायचं काय? – एक शेतकरी दांपत्य, करवीर तालुका

उत्तर : काका-काकू, तुम्ही तर जाच. खरं सांगू का, त्या गावाला जायला बिअर पिणाऱ्यापेक्षा ऊस लावणारा माणूस जास्त लायक आहे. पिणाऱ्याला ते ग्लासात दिसतं, तुम्हाला ते रानात दिसेल.

तुमचा मुलगा म्हणतो ते खोटं नाही, खांब आणि ट्रॅक्टरच आहेत तिथं. पण खांब कसले ते ऐका. म्युनिकच्या उत्तरेला, इंगोलस्टाट आणि लांड्सहूट यांच्या मधल्या त्या पट्ट्याला हालरटाऊ म्हणतात, सलग हॉपचा जगातला सगळ्यात मोठा मुलूख, साधारण १७ हजार हेक्टर. टेकड्या आपल्या पन्हाळ्यासारख्या उभ्या नाहीत, लाटांसारख्या, आणि त्या लाटांवर सात-सात मीटर उंच खांब, खांबांना आडव्या तारा, तारांवरनं जमिनीपर्यंत सोडलेल्या उभ्या तारा, आणि प्रत्येक तारेवर वेल. तासगावकडचा द्राक्षाचा मांडव बघितलाय ना तुम्ही, तो दोन मजली घराएवढा उंच केला आणि वरचं छत काढून नुसत्या भिंती ठेवल्या तर कसं दिसेल, तसं. ऑगस्टच्या शेवटी त्या दोन भिंतींच्या मधल्या सरीत उभं राहिलं की वर फक्त आभाळाची एक पट्टी दिसते आणि आवाज एकदम बंद होतो. मी तिथं पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मला काय आठवलं सांगू, लहानपणी चुलत्यांच्या उसात शिरायचो ते.

आणि पीक समजून घ्यायला तुम्हाला कुणी गाईड लागणार नाही, कारण हा सरळ सरळ खोडवा आहे. लागण एकदा करायची, मग खाली जमिनीत ते खोड पंधरा-वीस वर्षं राहतं, दरवर्षी वरचं सगळं कापून न्यायचं आणि पुढच्या वसंतात परत नवे कोंब. आपला खोडवा-निडवा झाला की माणूस उसाचं रान मोडतो, ते लोक वीस वर्षं मोडत नाहीत एवढाच फरक. मार्च-एप्रिलमध्ये खोड उघडं करून छाटतात, भरमसाट कोंब येतात त्यातले चार-सहा ठेवायचे बाकी काढून टाकायचे, आणि ठेवलेले हातानं तारेला लावून द्यायचे. हे काम अजून मशीनला जमलेलं नाही, माणसं वाकून वाकून करतात, बरीचशी पोलंड आणि रोमानियातनं आलेली. आणि एक गोष्ट काकूंना आवडेल, ही वेल तारेला कशीही गुंडाळून चालत नाही, वरून बघितलं तर घड्याळाच्या काट्यासारखीच फिरते, म्हणजे आपण अंबाबाईला प्रदक्षिणा घालतो त्याच दिशेनं. उलटी लावली तर ती सुटून परत आपल्याच दिशेला जाते. मे-जूनमध्ये तर दिवसाला तीस सेंटीमीटरपर्यंत वाढते, जूनच्या शेवटाला टोकाच्या तारेला टेकते.

फक्त मादी वेली लावतात, नर वेल दिसली तर काढून टाकतात कारण बी धरलेलं नको असतं. बोंड हातात घेऊन मधोमध उघडलं की पाकळ्यांच्या बुडाशी पिवळीधमक पूड दिसते, हळदीसारखी, तिला लुप्युलिन म्हणतात, सगळा कडवटपणा आणि वास त्या पुडीत. बोटाला लागली की चिकटते आणि लवकर जात नाही. तो वास कसा म्हणाल तर लिंबाची साल, ओलं गवत आणि थोडं कडुनिंब एकत्र चुरगाळलं तर येईल तसा. दारूचा वास नाही हो तो, अजिबात नाही, हे मुद्दाम लिहितेय कारण माझ्या सासूबाईंनी फोनवर पहिला तोच प्रश्न विचारला होता.

आता कधी जायचं. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि इथंच लोक चुकतात. तोडणी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होते आणि सप्टेंबरच्या मध्यापर्यंत उरकते, तीनेक आठवडे फक्त. त्या तीन आठवड्यांत जा. नंतर गेलात तर नुसते उघडे खांब, मग मुलगा म्हणतो तेच खरं होईल. म्युनिकची जत्रा सप्टेंबरच्या मध्यानंतर सुरू होते, म्हणजे तुम्ही आधी गाव करून घ्या, जत्रेचं मुलाला नंतर बघू दे, आणि जत्रेच्या दिवसांत त्या सगळ्या भागात हॉटेलांचे दर कुठल्या कुठं जातात तेही टळेल.

तोडणीच्या दिवसांत गाव बघाल तर गळीत हंगामातल्या आपल्या गावासारखंच. पहाटेपासनं ट्रॅक्टर. वेल बुडाशी कापायची, वरच्या तारेतनं तारेसकट खेचून ट्रॉलीत पाडायची, ट्रॉली भरली की घरच्या शेडमध्ये, तिथं मशीनला वेली उलट्या टांगतात आणि मशीन बोंडं तेवढी ओरबाडून घेतं. पाला-दांडा बारीक करून परत रानात. ओलं बोंड तसंच ठेवलं तर काही तासांत तापून खराब होतं, म्हणून लगेच वाळवायचं, साठ-पासष्ट डिग्रीच्या गरम हवेवर. शेतातनं येताना ऐंशी टक्क्यांच्या आसपास ओल असते ती दहा टक्क्यांवर आणायची. दहाच्या वर राहिली तर बुरशी, फार खाली गेली तर बोंडाचा भुगा. आणि हे ठरवणारा माणूस मीटर असूनसुद्धा मूठभर बोंडं हातात दाबून बघतो. मी ते बघितलं आणि मला आमच्या माहेरचा गुळव्या आठवला, काहिलीतला पाक थंड पाण्यात टाकून बोटानं गोळी करून बघणारा. आमच्या घरी गुऱ्हाळ होतं, आता नाही, चुलवाणाच्या जागी भावानं गाडी लावायला शेड केलंय. तिथल्या त्या शेतकऱ्याच्या घरी मात्र बापाच्या जागी पोरगं उभं होतं, हातात मूठभर बोंडं घेऊन, आणि म्हातारा मागं स्टुलावर बसून फक्त बघत होता. मी खूप वेळ तिथनं हलले नाही.

पूर्वी हे सगळं हातानं व्हायचं. १९५०-६० च्या सुमाराला मशीन येईपर्यंत तोडणीला बाहेरगावाहून हजारो माणसं यायची, बायका पोरं सगळी, शेतकऱ्याच्या माळ्यावर झोपायची, आणि मजुरी मापावर, मेट्झन नावाचं माप, साधारण ६० लिटरचं, एक माप भरलं की एक पत्र्याचा बिल्ला, शेवटी बिल्ले मोजून पैसे. बीड-पाथर्डीकडच्या आपल्या तोडकरी टोळ्या आठवतात की नाही. हे सगळं वोल्नत्साखच्या हॉप म्युझियममध्ये मांडून ठेवलंय, २००५ साली उघडलं ते, गावाच्या मध्यातच आहे, चालत जाता येतं, आणि बसायला जागा भरपूर आहे म्हणून वयस्क माणसांना त्रास नाही. म्युझियमला निदान तीन तास द्या. मुलाला सोबत घ्या, पाट्या वाचून सांगायला.

गावाजवळच ह्युल नावाच्या वस्तीत हॉपचं संशोधन केंद्र आहे, १९२६ सालचं. ते का निघालं माहितेय, त्या सुमाराला हॉपवर डावणी नावाचा बुरशीचा रोग आला आणि बागाच्या बागा बसल्या. डावणी म्हटल्यावर आपल्याकडच्या बागायतदाराला पुढचं सांगायला नको. तेव्हापासनं रोगाला दाद न देणाऱ्या जाती काढायचं काम तिथं चाललंय. शेतकऱ्याशी बोलायला मिळालं तर जातीचं विचारा, दराचं विचारा, ते खुलून बोलतात, बरेच जण व्यापाऱ्याबरोबर काही वर्षांचा करार आधीच करून ठेवतात, पहिली उचल किती म्हणून रस्त्यावर बसायची वेळ कमी येते. आणि प्रत्येक गाठोड्यावर कुठल्या भागातलं, कुठली जात, कुठल्या सालचं असा सील मारल्याशिवाय माल बाहेर जात नाही. आपल्या कोल्हापुरी गुळाला जीआय, म्हणजे त्या भागाच्या मालाची सरकारी ओळख, मिळालाय पण बॉक्सवर कोल्हापूर लिहून भलतीकडचा गूळ विकणारे कमी आहेत का, म्हणून मला ते सील फार भावलं.

हे तुमचा मुलगा राहतो त्या इंगोलस्टाटशीही जोडलेलं आहे बरं का. २३ एप्रिल १५१६ ला बव्हेरियाच्या, म्हणजे या प्रांताच्या, ड्यूकांनी (तिथले राज्यकर्ते), दोघे भाऊ होते ते, बिअरमध्ये पाणी, बार्ली आणि हॉप सोडून काही घालायचं नाही असा हुकूम काढला तो इंगोलस्टाटमध्येच. त्या हुकमानं या वेलीचं नशीब पक्कं झालं. मुलाला हे माहीत नसेल तर तुम्ही सांगा.

आता जेवणाचं, कारण तुम्ही माळकरी आहात आणि इथं खरी काळजी घ्यायची आहे. शाकाहारी म्हणून जे देतील त्यात अंडं असतं, श्पेत्झल नावाच्या चीजवाल्या शेवया दिसायला छान पण त्यात अंडं आहे, क्नोडल म्हणजे पावाचे गोळे त्यातही बहुधा असतं. बटाट्याची कोशिंबीर निरागस वाटते पण बव्हेरियात ती बऱ्याचदा मांस शिजवलेल्या पाण्यात कालवतात, विचारल्याशिवाय घेऊ नका. ओबात्स्दा म्हणून चीजचं एक कालवण ब्रेडबरोबर देतात त्यात बिअरचा शिपका असू शकतो. अल्कोहोल-फ्री बिअर कुणी आग्रहानं दिली तरी तिच्यात अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल चालतं, त्यामुळं तुम्ही नकोच, त्याऐवजी आपफेलशोर्ल मागा, सफरचंदाचा रस आणि सोडा, उन्हातनं आल्यावर फार बरं वाटतं. दोन शब्द पाठ करा, ओने फ्लाइश, ओने आय, म्हणजे मांस नको, अंडं नको. पण माझा सरळ सल्ला असा की हॉटेलात राहूच नका. तिथं शेतकरी लोक घराचा एक भाग किचनसकट भाड्यानं देतात, फेरिएनवोनुंग म्हणतात त्याला. मुलाला तसलं घर बघायला सांगा, इथनं ज्वारीचं पीठ, भाजलेला बेसन, चटणी न्या, आणि पिठलं-भाकरी करून खा. मी तेच केलं. मालकीणबाईला भाकरी थापताना बघायची होती, तर दोन दिवस ती संध्याकाळी येऊन उभी राहायची.

आणि रविवारी पोचू नका. आमच्याकडनं ते झालं. आम्ही रविवारी दुपारी उतरलो, दुकानं बंद, बस नाही, ज्या खानावळीचं भाच्यानं बघून ठेवलं होतं तिथं दुपारी दोननंतर चूल बंद, सोबत लहान पोरगं, संध्याकाळपर्यंत बिस्किटावर काढली. रविवारी तिकडं सगळं बंद म्हणजे खरोखर बंद. १५ ऑगस्टलाही बव्हेरियाच्या या भागात सुट्टी असते, मेरीमातेचा सण असतो, त्या दिवशीही दूध-भाजी मिळणार नाही. खानावळीही आठवड्यातनं एखादा दिवस बंद, बहुतेक सोमवार किंवा मंगळवार. खिशात थोडी रोख ठेवा, छोट्या ठिकाणी कार्ड घेत नाहीत.

जायला ट्रेन आहे, म्युनिक-इंगोलस्टाट लाईनवर रोरबाख नावाचं स्टेशन, तिथनं वोल्नत्साख अगदी जवळ, पण मुलाकडं गाडी असेल तर गाडीच बरी कारण शेतं गावाच्या बाहेर पसरलेली आहेत. तोडणीत रस्त्यावर ट्रॅक्टर हळू चालतात, मागं हॉर्न वाजवायचा नाही. आणि बागेत विचारल्याशिवाय शिरायचं नाही, तुमच्या उसात कुणी फोटो काढायला घुसलं तर तुम्हाला कसं वाटेल तेच. विचारलं की बहुतेक हो म्हणतात. रस्त्यात माणूस दिसला की ग्रुस गॉट म्हणा, देव तुमचं भलं करो असाच काहीसा अर्थ, आपल्या राम राम सारखं. तुम्ही दोघं म्हणालात तर समोरचा थांबेल.

दिवसभर काय करायचं विचारलंत. सकाळी शेताच्या कडेनं फिरा. दहा वाजता शेडमध्ये जाऊन उभे राहा. दुपारी झोपा. संध्याकाळी चर्चच्या चौकात बाकावर बसा, आपल्याकडं पारावर बसतात तसं. त्या दिवसांत घरोघरी प्लमचा केक करतात, वास गल्लीभर, अंड्याचं मात्र विचारून घ्या. तीन रात्री राहा, एका दिवसात ते गाव उमगत नाही.

प्रश्न : मी प्रागला जॉब करते, मूळची इचलकरंजीची. वीकेंडला जवळपास कुठं शांत जायचं असेल तर असं एखादं हॉपचं गाव इकडं आहे का? गर्दीचा फार कंटाळा आलाय. – प्रागहून एक वाचक

उत्तर : अगं आहे म्हणजे काय, तुझ्या तर दारात आहे. झातेत्स. जर्मन लोक त्याला झात्स म्हणायचे, आणि ज्या हॉपला जगभर झात्स म्हणून ओळखतात तो इथला. प्रागच्या वायव्येला, बसनं दीड तासाच्या आसपास. २०२३ साली युनेस्कोनं हे गाव आणि भोवतीची हॉपची शेतं जागतिक वारसा म्हणून घेतली, म्हणजे नुसत्या इमारती नाहीत, शेतं, शेड, गोदामं, सगळी साखळीच. स्टेक्नीक नावाचं खेडं आहे नदीकाठी, एक वाडा आणि त्याच्या पायथ्याला हॉपची शेतं, तेही त्यात आहे, तिथं जाच.

गावात शिरलीस की जुन्या विटांच्या उंच चिमण्या दिसतील. आपल्याला चिमणी म्हटलं की कापडाची नाहीतर साखरेची मिल वाटते, तुझ्या इचलकरंजीत वाढलेल्या मुलीला तर वाटणारच, पण ह्या चिमण्या हॉपच्या गोदामांच्या आहेत, वाळवलेल्या हॉपला गंधकाची धुरी द्यायचे, म्हणजे माल टिकायचा आणि लांबच्या प्रवासाला जायचा. गंधकाची धुरी म्हणजे काय ते बेदाणा करणाऱ्या घरात विचार. अख्खं एक उपनगरच त्या गोदामांचं आहे, आणि आज बरीचशी शांत उभी आहेत.

त्या शांततेबद्दल एक सांगायला हवं. या गावातले हॉपचे व्यापारी पुष्कळसे जर्मन बोलणारे होते, त्यात ज्यू घरं बरीच. मोठं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनाघर, आहे तिथं, ते बघ. ज्यू माणसं नाझींच्या काळात गेली, आणि १९४५ नंतर जर्मन बोलणाऱ्यांना गाव सोडावं लागलं. वेल राहिली, तारा राहिल्या, लावणारे हात बदलले. मी गावातनं फिरताना दारांवरची पुसट जुनी अक्षरं बघत होते आणि बोलायचं काही सुचत नव्हतं. तू गेलीस तर थोडा वेळ त्या गोदामांच्या गल्लीत एकटी चाल.

सप्टेंबरच्या सुरुवातीला तोडणी संपल्याचा सण असतो, दोचेस्ना, चौकात गाणी-बजावणी, तेव्हा मात्र गर्दी असते. तुला शांतता हवी तर मे-जूनमध्ये जा, वेल तारेवर चढत असते आणि गावात फार कुणी नसतं.

प्रश्न : हॉपच्या कोंबाला एक लाख रुपये किलो भाव आहे असा मेसेज अजून फिरतोय, बिहारच्या शेतकऱ्यानं घेतलं म्हणून फोटोसुद्धा आहे. आमच्याकडं एक जण रोपं देतो म्हणतोय, परत माल आम्हीच घेणार असंही सांगतोय. शिरोळला आपली काळी जमीन, पाणी बारमाही. लावू का चार गुंठे? – एक तरुण शेतकरी, शिरोळ

उत्तर : दादा, थांब. पैसे दिले नसशील तर देऊ नकोस.

तो मेसेज २०२१ सालचा आहे. बातमी देशभर गाजली, मग पत्रकार त्या गावात जाऊन आले तर तिथं हॉपचं पीकच नव्हतं. कोंब महाग असतात हे खरं आहे, पण का ते बघ. वसंतात खोड छाटताना जमिनीतले पांढरे कोवळे कोंब हातानं वेचायचे, पेन्सिलीपेक्षा बारीक, हजारभर वेचले तरी टोपली भरत नाही, आणि हंगाम मार्च-एप्रिलचे काही आठवडे. बेल्जियममध्ये पोपरिंगे गावाला त्याची मोठी हौस आहे, हालरटाऊतही खानावळीत मिळतात. ती तिथली हंगामी चैन आहे, त्या भावानं एकरी हिशोब मांडायचा नसतो.

आता शिरोळचं. जमीन आणि पाणी तुझ्याकडं उत्तम आहे, पण हॉपला जे लागतं ते पंचगंगा-कृष्णा देऊ शकत नाही, ते आकाशातनं यावं लागतं. ही वेल साधारण ३५ ते ५५ अक्षांशातली. तिला हिवाळ्यात कडक थंडीची झोप लागते आणि उन्हाळ्यात लांबलचक दिवस. हालरटाऊत जूनमध्ये दिवस सोळा तासांचा, आपल्याकडं तेराच्या आसपास. दिवस लहान मिळाला की वेल पुरती वाढायच्या आधीच फुलावर येते, सात मीटरच्या तारेवर कमरेएवढी वेल आणि मूठभर बोंडं. हौस म्हणून कुंडीत लाव, मी नाही म्हणणार नाही. चार गुंठे अडकवू नकोस. माल परत घेणार म्हणतो त्याला विचार की कुठल्या कंपनीला देणार, लेखी दे, आणि मागच्या वर्षी कुणाचा घेतलास त्याचा पत्ता दे.

प्रश्न : परदेशाचं बजेट नाही आमचं. भारतात कुठं हॉपची शेती बघायला मिळेल का? आणि हॉपच्या वासानं झोप येते हे खरं का? आईला दमा आहे, तिलाही न्यायचंय. – गडहिंग्लजहून

उत्तर : ताई, हिमाचलमध्ये लाहौल. तिथली उंची आणि थंडी हॉपला मानवते म्हणून १९७० च्या दशकापासनं तिथं हॉप लावतात, मात्र अलीकडं शेतकरी फुलकोबी-वाटाण्याकडं वळल्यानं रानं कमी झालीत, तेव्हा रस्त्यावरनं आपोआप दिसतील असं धरू नका, केलाँगला उतरून गावकऱ्यांना विचारा. पूर्वी रोहतांग घाट बंद झाला की तो भाग सहा-सहा महिने तुटायचा, ३ ऑक्टोबर २०२० पासनं ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला तेव्हापासनं मनालीहून सहज जाता येतं. ऑगस्टच्या शेवटी ते सप्टेंबर, तीच वेळ, तोडणीची.

झोपेचं म्हणाल तर युरोपात वाळलेली बोंडं उशीत भरून झोपायची जुनी रीत आहे, वोल्नत्साखच्या म्युझियमच्या दुकानात तसल्या छोट्या उशा मिळतात, मला त्या वासानं डोकं हलकं वाटलं एवढं सांगू शकते. पण आईंना दमा आहे तर वाळवणाच्या शेडमध्ये नेऊ नका, बोंडांची बारीक धूळ उडते तिथं. वेलीला बारीक आकडे असतात, हाताला घासली की लाल चट्टे येतात, लांब बाह्यांचा ब्लाऊज किंवा शर्ट घालू दे. आणि केलाँग तीन हजार मीटरच्या वर आहे, हवा विरळ, त्यामुळं आईंच्या डॉक्टरांना आधी विचारा आणि मनालीत दोन रात्री थांबून मगच वर जा. आईंना वर नेणं जमलं नाही तर कुणाकडनं तरी मूठभर वाळकी बोंडं डबीत मागून आणा. डबी घट्ट झाकणाची घ्या, नाहीतर बॅगेतल्या कपड्यांना महिनाभर वास राहतो.